शेवटच्या दृश्यातली मूठ

९ फेब्रुवारी

ताई,

पास मिळाले का? मुद्दाम तीन पाठवलेत, खारूला एखादी मैत्रीण बरोबर नेता येईल. सिनेमा लागून दहा दिवस झाले आणि अजून तिकिटं मिळत नाहीयेत. भुताचा सिनेमा, पण लोक आजीपासून नातवापर्यंत सगळं घर घेऊन येतात. शेवटाला उठून उभे राहतात, टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात. मी दारापाशी उभा राहून बघतो ना, अंगावर काटा येतो.

एकच सांगणं आहे. शेवट पाहिल्याशिवाय उठू नकोस. तो मी तुझ्यासाठी केलाय.

पाहून झालं की लिही. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस. पत्रात मात्र मोकळी होतेस. आईच्या आजारपणातली तुझी सगळी पत्रं माझ्याकडे अजून आहेत.

तुझा धाकटा

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

पास मिळाले. मी आणि खारू गेलो, तिसरा पास वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिला. चूक झाली, पण ते पुढे सांगते.

शेवट पाहिल्याशिवाय उठू नकोस म्हणालास. उठले असते, पण जागा रांगेच्या मधोमध, आणि दोन्ही बाजूंना माणसं हमसून हमसून रडत होती. त्यांच्या गुडघ्यांवरून जायचं कसं? म्हणून बसले. आणि मला किळस आली. राग नाही, दुःख नाही. बेसिनच्या जाळीत अडकलेले केस ओढून काढताना येते ना, तशी किळस.

काय दाखवलंस तू? आई मरून तीन वर्षं झालीत, पण तिचा जीव घरातून निघत नाही. पडदे हलतात, बरण्या सरकतात, आणि ती दिसते फक्त घरातल्या लहान मुलीला. इथवर ठीक. मग भाऊ परत येतो. अंगात पांढराशुभ्र सदरा, प्रवासाची एक सुरकुती नाही. त्याला एका नजरेत कळतं की आईला तिच्या लेकीनेच अडकवून ठेवलंय. लेक झोपेतसुद्धा आईच्या शालीचं टोक मुठीत आवळून पडलेली असते. मग तो गुडघ्यांवर बसतो, ‘सोड, ताई’ म्हणतो आणि तिची मूठ एकेक बोट करून उघडतो. आई त्याच्या कपाळावर हात ठेवते, ‘आलास? आता मी सुटले’ म्हणते आणि उजेड होऊन खिडकीतून निघून जाते. टाळ्या.

म्हणजे सात वर्षं जी आईच्या उशाशी होती ती बेडी, आणि शेवटच्या दहा मिनिटांत जो उगवला तो किल्ली.

बाहेर आल्यावर काकूंनी भर रस्त्यात मला मिठी मारली. त्यांचं नाक माझ्या खांद्यावर गळत होतं. म्हणाल्या, “सोडलंस ना गं शेवटी! बरं केलंस.” दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात मालकांनी भिंग तपासता तपासता मान वर न करता विचारलं, “आता मन हलकं वाटतं का बाई?” मी काच घासायच्या यंत्रावर होते. काच फुटली.

हे सगळं गिळलं असतं. पण घरी येताना दोन चौक ओलांडल्यावर खारू म्हणाली, “आई, आजी आपल्यामुळे अडकून पडली होती का?”

तेरा वर्षांची पोर आहे ती. तिला काय सांगू, ते तू लिही. शेवट तुझा आहे.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

सिनेमातली बहीण म्हणजे तू, हे पहिल्यांदा डोक्यातून काढ. ती एक वृत्ती आहे. आपण सगळेच गेलेल्या माणसाला धरून ठेवतो. मूठ म्हणजे माया, आणि मायेचाच कधी कधी फास होतो, एवढंच मला म्हणायचं होतं. आणि तो भाऊ ती मूठ हिसकत नाही गं, हळुवार उघडतो. त्या एका दृश्याला दोन दिवस लागले. बोटांवर उजेड कसा पडावा यावर आमच्या कॅमेरावाल्याने जीव टाकलाय.

खारूला सांग की ही गोष्ट आहे. हवं तर मीच सांगतो. तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंचं पत्र आलंय. त्यांनी सिनेमा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रडल्या. २० मार्चला शाळेच्या सभागृहात मुलांना दाखवणार आहेत, आणि नंतर मुलांशी बोलायला मला बोलावलंय. मी हो म्हटलंय. तूही ये. त्यांना तुझा सत्कारही करायचाय.

धाकटा

१ मार्च

धाकट्या,

सत्कार? घालायला हार आणि हातात गुच्छ? कळव त्यांना, मला फुलांची ॲलर्जी आहे.

वृत्ती म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळ्या शेळ्या वृत्तीच दिसतात.

आता तुझ्या त्या मुठीबद्दल. मूठ माझी नव्हती. आईची होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात आखडला आणि बोटं तळव्यात रुतून बसली. हे मी तुला पत्रात लिहिलं होतं, चांगलं दोन पानं. रोज सकाळी कोमट पाण्याचं भांडं घेऊन मी तिच्याजवळ बसायची. आधी अंगठा बाजूला करायचा, मग करंगळीपासून एकेक बोट. जोर केला की ती किंचाळायची. आत तळव्यावर घाम साचून पांढरा चिकट थर झालेला असायचा, आणि त्याचा वास! दही नासून त्यात ओलं फडकं आठवडाभर पडावं, तसा वास. नखं वाढली की मांसात शिरायची, मग पिवळं पाणी यायचं. ते पुसायचं, कोरडं करायचं, कापडाची गुंडाळी आत ठेवायची. दुपारी ती गुंडाळी काढून हुंगायची, बदलायची की नाही ते ठरवायला. सात वर्षं. तुझा कॅमेरावाला बोटांवर उजेड पाडत होता म्हणतोस. मी त्या बोटांच्या बेचक्यांतून कापसाने मळ काढत होते.

तू ते वाचलंस. ‘एकेक बोट करून’ हे शब्दही माझेच उचललेस. आणि मूठ धुऊन पुसून, वास काढून, माझ्या हाताला चिकटवलीस. उघडणारा कोण? तू.

मी काही देवी नव्हते, हेही लिहिते. एकदा तुझा फोटो आला होता, कुठल्याशा समारंभात गळ्यात मफलर घालून हसतोस तो. त्या दिवशी मी आईची मूठ उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही, चौथ्याही. ती डाव्या हाताने उजवा हात दाखवत राहिली आणि मी चादरी बदलत राहिले. मला दिसतच नाही असं दाखवत. पाचव्या दिवशी उघडली तर आत जे होतं ते बघून मी न्हाणीघरात जाऊन ओकले. तिच्या हाताची शिसारी आली म्हणून नव्हे. स्वतःची आली.

हे घाल तुझ्या सिनेमात. टाळ्या पडतात का बघ.

ताई

६ मार्च

ताई,

ते चार दिवसांचं तू कधी लिहिलं नव्हतंस.

हाताचं पत्र मी खरंच विसरलो होतो. नकळत डोक्यात राहिलं असेल. लिहिताना असं होतं. कुठलं आपलं, कुठलं दुसऱ्याचं, कळत नाही. तरी तू म्हणतेस म्हणून माफी मागतो.

पण एक गोष्ट तुलाही मानावी लागेल. शेवट खोटा नाही. मी आलो त्या दुपारी आई काय म्हणाली, ते तूच मला सांगितलंस. ‘आलास? आता मी सुटले.’ आणि दोन दिवसांनी ती गेली. हे वाक्य मी रचलेलं नाही, ताई. ते आईचं आहे. चार वर्षं मी त्यावर जगलोय. लोक रडतात ते त्या वाक्याला. मग बाकी सगळं माझं चुकलं असेल, पण गाभा तरी खरा आहे ना?

धाकटा

१३ मार्च

धाकट्या,

आठवडाभर हे पत्र लिहून फाडतेय. आज दुकान बंद आहे, खारू शाळेत आहे. आता लिहूनच टाकते.

आई ते म्हणाली नव्हती.

तू अडीच वर्षांनी आलास. पलंगाजवळ उभा राहिलास, “आई, मी” म्हणालास. तिचं बोलणं तोवर नुसतं तोंडातल्या तोंडात व्हायचं, माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. तिने तुझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हा माणूस कोण? त्याला म्हणावं, बूट बाहेर काढ.” आणि मग म्हणाली, “सेंटाचा घाण वास येतोय. खिडकी उघड.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

तू विचारलंस, “काय म्हणाली?” तुझी हनुवटी थरथरत होती, लहानपणी पडल्यावर थरथरायची तशी. मी म्हटलं, आधी चहा घे. स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, आणि तिथे ते वाक्य जुळवलं. आधण येईपर्यंत तयार झालं. बाहेर येऊन कप तुझ्या हातात दिला आणि वाक्यही.

दया आली म्हणून बोलले, असं मी आजवर स्वतःला सांगत होते. पण पुरतं खरं तेही नाही. मला वाटलं, हा रडून भेकून मोकळा झाला तर लवकर जाईल. तू होतास तर तुझ्यासाठी अंथरूण, तुझ्यासाठी गरम पाणी, आणि मला तेवढी ताकद नव्हती.

म्हणून त्या सिनेमागृहात जी मळमळ झाली, त्यातली निम्मी माझ्याच घरची होती. तुझ्या पडद्यावरून जे गोड गोड ओघळत होतं, त्याचा पाक मी केला होता. तू फक्त भांडं मोठं घेतलंस.

आता गाभा काढून घेतला. उरलेल्याचं काय करायचं ते तू बघ.

ताई

१६ मार्च

ताई,

मला माहीत होतं.

सगळं नाही कळलं, पण ‘बूट’ कळला. तो शब्द तिच्या तोंडून स्वच्छ आला. मी खाली पाहिलं, तर खरंच, मी बूट घालूनच पलंगापर्यंत आलो होतो. तू स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा मी ते काढून बाहेर ठेवले. मग तू चहा घेऊन आलीस आणि ते वाक्य सांगितलंस, आणि मी ते घेतलं. फुकट मिळालेली चांगली वस्तू कोण परत करतो? पुढे इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितलं की ते गुळगुळीत होऊन माझंच झालं.

हाताचं पत्रही विसरलो नव्हतो. ते टेबलावर ठेवून मी तो प्रसंग लिहिला. तुला खोटं लिहिलं.

पहिला शेवट वेगळा होता, हे तुला सांगितलं नव्हतं. त्यात आई भावाला ओळखत नाही. ‘हा कोण?’ म्हणते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते, आणि बहीण तिची मूठ धूत बसलेली असते. आम्ही तो चित्रितही केला. पैसे लावणाऱ्यांना दाखवला. सात जण खुर्च्यांवर बसले होते. एक बाई मध्येच उठून गेल्या. एक जण म्हणाला, “अहो, घरची सगळी मंडळी मिळून बघायला येतात. त्यांना हे बघायला लावणार? शी!” त्या ‘शी’ला मी घाबरलो. दोन दिवसांत शेवट बदलला. मूठ कुणाला तरी द्यायची होती, तुला दिली. मला काय देणार? काही धरून बसायला मी कधी त्या घरात थांबलोच नाही.

वीस तारखेला येऊ की नको? तू म्हणशील तसं.

धाकटा

२३ मार्च

धाकट्या,

तुला मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं. येऊ की नको हेही मीच ठरवायचं का? आलास, बरं झालं. पण तू ज्या घाईने गाडी गाठलीस, त्यात मागचं काही पाहिलं नाहीस, म्हणून लिहितेय.

आधी भांडण. त्या सातवीतल्या मुलीने उठून विचारलं, “सर, शेवटाचा अर्थ काय?” तू माइक घेतलास, “मूठ म्हणजे माया...” इतकं बोललास आणि अडखळलास. मला वाटलं, आता बोलेल. खरं बोलेल. आणि तू काय केलंस? “याचं उत्तर माझी बहीण देईल.” दोनशे डोकी माझ्याकडे वळली. पुन्हा माझ्यावरच ढकललंस! तिथल्या तिथे तुझा कान पिळावासा वाटला. मी शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसले होते, खारू शेजारी नखं खात होती.

उठले. माइक घेतला नाही. म्हटलं, “शेवट खोटा आहे. मूठ आजारी आईची होती, आणि त्यात घाण साचायची.” आणि मग थांबताच येईना. वास, नखं, पिवळं पाणी, सगळं सांगितलं. अख्ख्या सभागृहातून एकदम “ईऽऽऽ” उठलं. धाकट्या, तुझ्या सिनेमाच्या टाळ्या त्याच्यापुढे काहीच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर आवाज काढला. कुणी रडलं नाही, कुणी माझ्या गळ्यात पडलं नाही. नाक मुरडून मुरडून प्रश्न विचारले. दुखायचं का? नखं कोण कापायचं? तुम्हाला ओकारी यायची का? मी म्हटलं, यायची. एकदा चार दिवस हात लावला नव्हता, तेही सांगितलं. तेव्हा मात्र खारूने नखं खाणं सोडून माझ्याकडे बघितलं. ते तिने मला अजून विचारलेलं नाही. विचारेल तेव्हा सांगेन.

तू तेव्हा व्यासपीठावर मान खाली घालून बसला होतास. ते मला आवडलं, असं समजू नकोस. पण उठून गेला नाहीस, हे पाहिलं.

तुझा सिनेमा मला अजून किळसवाणाच वाटतो. पुढेही वाटेल. लोकांना आवडतो तर आवडो. तो पहिला शेवट मात्र फेकून देऊ नकोस.

आता जे तू पाहिलं नाहीस ते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आणि मोठ्या बाई दारात यायला एकच गाठ. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाल्या. मी पाहिलं, स्क्रू चांगला घट्ट होता. तरी घेतला, उगाच फिरवत बसले. मालक आत भिंगांची खोकी लावत होते. बाईंनी तिकडे एक नजर टाकली, काउंटरवर आपला उजवा हात ठेवला, मूठ आवळली आणि अगदी हळू विचारलं, “ती कापडाची गुंडाळी... केवढी करायची?”

त्यांच्या घरी त्यांचे यजमान आहेत. झटका येऊन दोन वर्षं झाली. शाळेत कुणालाही माहीत नाही. त्या दोनदा तुझ्या सिनेमाला रडल्या त्या का, ते मला तेव्हा कळलं, आणि काकूंचाही राग थोडा गेला. कुणाच्या घरात काय असतं, कोण जाणे.

मी चष्मा पुसायच्या मऊ कापडाची गुंडाळी करून त्यांच्या मुठीत घालून दाखवली. म्हटलं, आधी बोटाएवढीच जाड घ्या, मग दर आठवड्याला थोडी वाढवा. कधी ओढायचं नाही. आधी अंगठा बाजूला. त्यांनी मान डोलावली, शिकणाऱ्या मुलीसारखी, आणि चष्मा काउंटरवर तसाच विसरून गेल्या.

संध्याकाळी तो द्यायला त्यांच्या घरी गेले. बाईंनी दार चारच बोटं उघडलं. मला पाहिलं. “आत फार वास येतो हो,” म्हणाल्या. मी तिथेच उभी राहिले. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. वास खरंच आला, पोटातून उमासा यावा असा.

मी पर्स बाहेरच्या खुर्चीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि विचारलं, “कोमट पाणी आहे का?”

ताई